पेटीतले कोळी, ढोलीतले कोळी

जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या विमानतळावर पोलंडहून आलेले एक टपाल पार्सल सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी संशयावरून उघडले. आत थर्मोकोलचा खोका होता. खोक्यात कापूस आणि चांदीसारख्या चकचकीत कागदात गुंडाळलेल्या १०७ छोट्या प्लास्टिकच्या कुप्या होत्या आणि प्रत्येक कुपीत एकेक जिवंत कोळी! तज्ज्ञांना बोलावून दाखवल्यावर कळले, की हे टॅरंटुला गटातले कोळी आहेत आणि त्यांचे मूळ मेक्सिको, मध्य व दक्षिण अमेरिकेत आहे. आयातीची कागदपत्रे नव्हती, त्यामुळे पार्सल आले तसे पोलंडला परत पाठवण्यात आले.

ही बातमी वर्गात सांगितली तर मुले पहिला प्रश्न कोणता विचारतील ते आपल्याला ठाऊक आहे. 'कोळी? आणि विकत? ते कशाला?' त्याचे उत्तर सोपे आहे. कुणाला मासे आवडतात, कुणाला पोपट, तसे काहींना कोळी आवडतात. जर्मनी, पोलंड, ब्रिटन, अमेरिका या देशांत टॅरंटुला पाळणाऱ्यांची संख्या मोठी आहे, त्यांचे मेळावे भरतात, पिल्लांची खरेदी-विक्री होते. पण एखादा चौकस विद्यार्थी दुसरा प्रश्न विचारील, आणि तो अधिक चांगला आहे: मेक्सिकोचे कोळी पोलंडमध्ये आले कुठून? पोलंडमध्ये असे पार्सल भरण्याइतके कोळी जमवायला कुणाला मेक्सिकोच्या रानात जावे लागत नाही. एका मादीच्या एका वेळच्या अंड्यांतून एवढी पिल्ले सहज निघतात, तीसुद्धा एखाद्याच्या घरातल्या कपाटाएवढ्या जागेत.

मग कोडे असे पडते. जो प्राणी काचेच्या पेटीत इतका भरभरून वाढतो, तो त्याच्या स्वतःच्या रानात दुर्मिळ का व्हावा? या लेखात आपण हे कोडे सोडवायचा प्रयत्न करू. त्यासाठी आधी हा प्राणी पेटीत कसा राहतो आणि त्याची वीण कशी होते हे नीट पाहावे लागेल, कारण उत्तर तिथेच दडलेले आहे.

नावापासून सुरुवात करू. 'टॅरंटुला' हे नाव इटलीतल्या टारांटो या गावावरून आले. गंमत म्हणजे टारांटोचा मूळ 'टॅरंटुला' हा एक लांडगा-कोळी, म्हणजे अगदी वेगळ्या कुळातला. युरोपी लोक अमेरिकेत पोचले, तिथले तळहाताएवढे केसाळ कोळी त्यांनी पाहिले आणि घरचे नाव त्यांना चिकटवून टाकले. आज शास्त्रज्ञ ज्यांना टॅरंटुला म्हणतात त्यांच्या कुळात एक हजारापेक्षा जास्त जाती आहेत. आपल्या घरातल्या कोळ्याचे विषदंत चिमट्यासारखे एकमेकांसमोर मिटतात. टॅरंटुलाचे मात्र कुदळीसारखे वरून खाली येतात. म्हणूनच भक्ष्यावर घाव घालण्यापूर्वी तो पुढचे अंग उचलतो. जाळे विणून त्यात बसणे हा त्याचा धंदा नाही. बिळाच्या किंवा ढोलीच्या तोंडाशी बसायचे, जवळून जाणाऱ्या किड्याची थरथर पायांना जाणवली की झडप घालायची. आठ डोळे असूनही नजर यथातथाच असते.

अशा बैठ्या प्राण्याला लागते ते किती? जमिनीत राहणाऱ्या जातीसाठी शेरभर तांदळाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी पेटी, तळाशी चार बोटे माती किंवा काथ्याचा भुसा, लपायला एखादे फुटके कुंडे, पाण्याची वाटी. हवा खेळायला बाजूंना भोके हवीत. वातावरण फार दमट आणि कोंदट झाले की बुरशी धरते, आणि पाळलेले कोळी थंडीपेक्षा याच कारणाने जास्त मरतात. आठवड्याला एक-दोन झुरळे किंवा रातकिडे मिळाले की झाले. मोठी मादी महिनोन् महिने उपाशी राहते आणि तिला काही होत नाही. कोळी दोन घेतले तर पेट्याही दोनच लागतात, कारण बहुतेक जातींत शेजारी म्हणजे जेवण.

पेटीच्या उंचीची गोष्ट मात्र समजून घेण्यासारखी आहे. बिळात राहणाऱ्या कोळ्याची पेटी उंच असता कामा नये. कोळ्याच्या पायात वाकवणारे स्नायू आहेत, पण मुख्य सांधे सरळ करणारे स्नायू नाहीत. पाय लांब करायचा तर तो आपले रक्त दाबाने पायात ढकलतो, म्हणजे जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने पसरावा तसे. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली आक्रसलेले का दिसतात याचे उत्तर हेच: दाब गेला, वाकवणारे स्नायू तेवढे उरले. पुढच्या भागाला कडक कवच असते, पण पोट म्हणजे नुसती पातळ कातड्याची, रक्ताने भरलेली पिशवी. वीतभर उंचीवरून पडले तरी ती फुटू शकते, आणि मग कोळी रक्तस्रावाने मरतो. कोळी हातावर घेऊन मिरवणाऱ्यांची छायाचित्रे आपण पाहतो. त्या खेळात धोका कोळ्यालाच अधिक असतो.

माणसाला धोका अगदीच नाही असे नव्हे. अमेरिका खंडातल्या बहुसंख्य जातींच्या पोटावर खाजरे केस असतात. त्रास दिला की कोळी मागच्या पायांनी हे केस झाडतो आणि ते हवेत उडतात. खाजकुइलीची आठवण व्हावी असाच प्रकार. इंग्लंडमधल्या लीड्स गावच्या एका तरुणाचा डोळा कितीतरी दिवस लाल राहिला आणि औषधाने बरा होईना. भिंगातून पाहिल्यावर बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रुतलेले बारीक केस दिसले. तेव्हा कुठे त्याला आठवले, की आपण टॅरंटुलाची पेटी धूत असताना कोळ्याने पोट झाडले होते. ही हकीकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० च्या सुरुवातीला छापून आली. आपल्याकडच्या, म्हणजे आशियातल्या, जातींना असे केस नसतात. त्यांची सारी भिस्त विषावर. विशेषतः झाडावर राहणाऱ्या पेसिलोथेरिया या भारत-श्रीलंकेतल्या प्रजातीच्या दंशाने काहींना पुढे कित्येक दिवस स्नायूंत पेटके येत राहिल्याची नोंद आहे. मृत्यूची नोंद नाही. तरीही विद्यार्थ्यांना एवढे ठामपणे सांगावे: पाहायचे, हात लावायचा नाही.

आता कात. कोळ्याचे कवच वाढत नाही, म्हणून वाढायचे तर ते टाकून द्यावे लागते. टॅरंटुला यासाठी चक्क उताणा पडतो. नव्याने पाळणारे घाबरतात आणि मेला समजून त्याला सरळ करायला जातात. काही तासांत छातीचे कवच झाकणासारखे उघडते आणि हातमोजातून बोटे काढावीत तसे एकेक पाय बाहेर येतात. पूर्वी तुटलेला पाय असेल तर त्या जागी नवा, जरा किरकोळ पाय फुटलेला दिसतो. नवे कवच घट्ट होईपर्यंत विषदंतसुद्धा मऊ असतात, आणि पेटीत विसरलेला एखादा रातकिडा उलट कोळ्यालाच कुरतडू शकतो.

टाकलेली कात फेकू नये, ती पुस्तकासारखी वाचता येते. फक्त बाहेरची त्वचाच बदलते असे नाही, तर बाहेरून आत वळलेल्या काही भागांचे अस्तरही कातीबरोबर निघते. मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूला एक आडवी फट असते आणि फटीच्या आत नराचे शुक्रजंतू साठवायची पिशवी. या शुक्रपिशवीचे अस्तर कातीत स्पष्ट दिसते. कात पाण्यात साबणाचा थेंब टाकून भिजवावी, अलगद पसरावी आणि हातभिंगाने पाहावी. पिशवी दिसली तर मादी. कोळ्याला बोटही न लावता तो नर की मादी हे वयात येण्याच्या कितीतरी आधी असे ओळखता येते. पाळणाऱ्यांच्या दृष्टीने हे ज्ञान पैशाचे आहे, कारण मादी वर्षानुवर्षे जगते आणि नर लवकर मरतो.

किती लवकर? अमेरिकेतल्या अर्कान्सॉ विद्यापीठात विल्यम बेअर्ग या प्राध्यापकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टॅरंटुला वर्षानुवर्षे पाळून त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १९५८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. चिकाटीचे काम कसे असते याचा हा नमुनाच, कारण त्या भागातल्या जातीचा नर वयात यायलाच दहाएक वर्षे लागतात. शेवटची कात टाकली की नर बीळ सोडून मादीच्या शोधात बाहेर पडतो, फारसे खात नाही, आणि हिवाळ्यापर्यंत बहुतेक नर संपतात. मादी मात्र वयात आल्यावरही कात टाकत राहते आणि वीस वर्षांहून अधिक जगू शकते. टॅरंटुलाच्या नातलगांपैकी एका झाकणबिळ्या कोळ्याची कथा तर याहून थोर आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधक बाईंनी १९७४ मध्ये बिळांना क्रमांक देऊन निरीक्षण सुरू केले. त्यातली सोळा क्रमांकाची मादी २०१६ मध्ये मेली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. म्हातारपणाने नव्हे, तर एका परजीवी गांधीलमाशीमुळे!

दीर्घायुषी, उशिरा वयात येणारी, एका जागी राहणारी मादी. हे तीन शब्दप्रयोग लक्षात ठेवू, पुढे लागतील.

पैदास करायची तर नर आणि मादी एका पेटीत सोडून भागत नाही. वयात आलेल्या नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड पायांच्या, म्हणजे स्पर्शपादांच्या, टोकाला पिचकारीच्या आकाराचा एकेक फुगीर अवयव तयार होतो. गंमत अशी की शुक्रजंतू तयार होतात पोटात आणि पिचकाऱ्या असतात तोंडाजवळ; दोहोंमध्ये नळी नाही. मग नर काय करतो? तो एक छोटी रेशमी चादर विणतो, तिच्याखाली शिरून पोटातल्या द्रवाचा थेंब तिला चिकटवतो, वर येतो आणि दोन्ही पिचकाऱ्या आळीपाळीने त्या थेंबात बुडवून भरून घेतो. नंतर चादर बहुधा मोडून टाकतो. अशी मोडकी चादर पेटीत दिसली की पाळणारा समजतो, नर तयार आहे.

मादीच्या दाराशी आल्यावर नर पायांनी जमिनीवर ताल धरतो. मादी राजी असेल तर तीही आतून ठोके देते. बाहेर आल्यावर ती विषदंत उघडून उभी राहते, आणि इथे पुष्कळ जातींच्या नराकडे एक सोय असते: पुढच्या पायांवरच्या आकड्यांत तो तिचे दंत अडकवून धरतो, तिला मागे रेटतो आणि पिचकारी त्या फटीत रिकामी करतो. आपल्या पेसिलोथेरियाच्या नराला हे आकडेसुद्धा नसतात. काम झाले की नर शक्य तितक्या वेगाने पळतो. पेटीत पळायला जागा नसते, म्हणून पैदास करणारा लांब चिमटा आणि पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन शेजारी बसलेला असतो.

मीलन झाले म्हणजे अंडी झाली असे नाही. शुक्रजंतू पिशवीत साठवून मादी कित्येक महिने थांबते. मधल्या काळात तिने कात टाकली तर? आपण वर पाहिलेच, पिशवीचे अस्तर कातीबरोबर निघून जाते. साठवलेले सारे शुक्रजंतू गेले, मादी पुन्हा कुमारिका! म्हणून जाणकार पैदास करणारे मादीने कात टाकल्यावर थोड्याच काळात नर आणतात, पुढची कात शक्य तितकी लांब असावी म्हणून. अंडी घालण्यासाठी मादीला ऋतूची खूणही लागते. महिना-दोन महिने पेटी कोरडी आणि थोडी थंड ठेवायची, मग उबदार करून पाणी शिंपडायचे; थोडक्यात पेटीत पावसाळा आणायचा.

शेवटी एके रात्री ती जाड रेशमी गादी विणते, तिच्यावर अंडी घालते, घालता घालताच पिशवीतले शुक्रजंतू त्यांवर सोडते, आणि गादीच्या कडा दुमडून पोटली तयार करते. ही पोटली ती छातीशी धरून बसते, फिरवत राहते, ऊब बघून जागा बदलते. त्रास झाला तर खाऊनही टाकते. त्यामुळे बरेच पैदास करणारे महिनाभराने पोटली काढून घेतात आणि कापडाच्या झोळीत ठेवून स्वतः फिरवत बसतात. उघडल्यावर आधी दिसतात ती पाय फुटलेली अंडी. चालणे नाही, खाणे नाही. आणखी एक-दोनदा कात टाकली की खरी पिल्ले. मग एकेकाला वेगळ्या कुपीत घालायचे आणि चिलटे भरवायची. शंभर पिल्ले म्हणजे शंभर कुप्या, दर आठवड्याला. कुप्यांची ती ओळ पाहिली की हौस कशी उतरत असेल याची कल्पना येते.

आता थोडे गणित करू. वर्गात फळ्यावर करण्यासारखे आहे. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत हे विद्यार्थ्यांना सांगावे.

समजा एका मादीने जन्मभरात पाच पोटल्या विणल्या आणि प्रत्येकीत ५०० अंडी. एकूण २,५००. रानातल्या कोळ्यांची संख्या वर्षानुवर्षे साधारण तेवढीच राहत असेल, तर या २,५०० पैकी वयात येऊन वीण करणारी किती? फक्त दोन, आईच्या जागी एक आणि बापाच्या जागी एक. बाकी २,४९८ जणांना मुंग्या, पाली, गांधीलमाश्या, इतर कोळी आणि दुष्काळ यांनी गिळले. पेटीत हे शत्रू नाहीत. तिथे निम्मी जगली तरी एका पोटलीतून अडीचशे. म्हणजे छंदासाठी लागणारे सगळे कोळी मूठभर माद्यांपासून मिळू शकतात, रानाला हात लावायची गरजच नाही.

मग लोक रानात का जातात? कारण मेक्सिकोची लाल गुडघ्यांची मादी वाढवायला सहा-सात वर्षे लागतात आणि तोवर झुरळे पुरवावी लागतात. रानात मात्र ती तयार मिळते, बिळाच्या तोंडाशी बसलेली. जागा बदलत नाही, पळून जात नाही. त्यातही मोठी, पूर्ण वाढलेली मादीच उचलली जाते, कारण भाव तिलाच.

फळ्यावरचे दुसरे गणित असे. समजा वयात आलेल्या मादीची पुढचे वर्ष जगण्याची शक्यता ९० टक्के आहे. दरवर्षी दहातली एक मरते, म्हणजे सरासरी तिला वीण करायला दहा वर्षे मिळतात. आता उरलेल्यांपैकीही दहात एक माणसाने उचलली. शक्यता झाली ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ८१ टक्के. दरवर्षी शंभरातल्या १९ जातात, आणि सरासरी आयुष्य उरते सव्वापाच वर्षांचे. दहातली एकच उचलली, पण जन्मभराच्या पोटल्या जवळपास निम्म्या झाल्या. २,५०० मधून दोन जगत होती, आता १,३०० मधून एक. असे काही पिढ्या चालले तर काय होईल हे विद्यार्थीच सांगतील. उंदीर किंवा झुरळ यांच्यासारख्या भराभर वाढणाऱ्या प्राण्यांना अशी तूट भरून काढता येते. उशिरा वयात येणाऱ्यांना ते जमत नाही. कासवे, गिधाडे आणि देवमासे याच हिशेबात सापडले.

मेक्सिकोच्या लाल गुडघ्यांच्या कोळ्याचे नेमके हेच होऊ लागले होते. देखणा, शांत स्वभावाचा, सिनेमावाल्यांचा लाडका. १९७० नंतर तो मोठ्या संख्येने परदेशी गेला. १९८५ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला, म्हणजे परवान्याशिवाय व्यापार बंद. यानंतर पैदाशीला खरा जोर आला. आज बाजारात दिसणारे बहुतेक लाल गुडघे पेटीत जन्मलेले असतात. छंदाच्या बाजूने बोलणारे हे उदाहरण देतात आणि ते खोटे नाही. फक्त त्याला एक पुरवणी जोडायला हवी. २०१७ मध्ये दोन मेक्सिकन संशोधकांनी या कोळ्यांची नव्याने तपासणी केली, तेव्हा असे ठरले की लाल गुडघ्यांच्या दिसायला सारख्या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि जगभरच्या पेट्यांत 'स्मिथी' या नावाने वाढवलेले बरेचसे कोळी खरे म्हणजे दुसऱ्या, 'हॅमोराय' जातीचे आहेत. तीस-चाळीस वर्षे पेट्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या होत्या! अशा पेट्यांत दोन्हींचा संकर झाला नसेलच, असे कोण छातीठोकपणे सांगणार?

आता आपल्या घरी येऊ. आंध्र प्रदेशातल्या गुत्ती या रेल्वे जंक्शनच्या आवारात, लाकडांच्या वखारीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक निळा कोळी सापडला. लंडनच्या संग्रहालयातल्या पोकॉक यांनी १८९९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि नाव ठेवले पेसिलोथेरिया मेटॅलिका. पुढची शंभर वर्षे तो कुणाला दिसला नाही. दिसणार कसा? लाकूड रेल्वेने आले होते, आणि कोळी बहुधा त्याच्याबरोबर. २००१ मध्ये तो पुन्हा सापडला, गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटर दूर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या पानझडी रानात. हा कोळी जुन्या, उंच झाडांच्या ढोलीत राहतो.

त्याचा निळा रंग रंगद्रव्याचा नाही. केसांच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेमुळे निळा प्रकाश तेवढा परत फिरतो. मोराच्या पिसाचे असेच असते, पण पिसाचा रंग कोन बदलला की बदलतो, या कोळ्याचा फारसा बदलत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार टॅरंटुलांत असा निळा रंग निदान आठ वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला. तो कशासाठी, हे कोडेच आहे, कारण जोडीदाराला तो दिसत असण्याची शक्यता कमी.

माणसाला मात्र चांगला दिसतो. पुन्हा सापडल्यानंतर काही वर्षांतच हा निळा कोळी युरोप-अमेरिकेतल्या बाजारात पोचला. सुरुवातीला एका पिल्लाला शेकडो डॉलर मोजले जात. मेक्सिकोच्या कोळ्यापेक्षा तो लवकर वाढतो, दोन-तीन वर्षांत मादी वयात येते, पोटलीत शंभराच्या आसपास अंडी असतात. पैदास वाढली तशी किंमत उतरली. आज परदेशांतल्या छंदवाल्यांकडे तो सर्रास आढळतो. आणि त्याचे रान? आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २००८ च्या नोंदीत हा कोळी 'अतिसंकटग्रस्त' आहे. क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरपेक्षा कमी, तेही सरपण आणि लाकूडतोडीने विरळ होत चाललेले. पेसिलोथेरियाची संपूर्ण प्रजाती सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात आली ती २०१९ च्या जिनिव्हा परिषदेत. तोवर पेटीतल्या कोळ्यांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, मग पेटीतले निळे कोळी आणून नंद्यालच्या रानात सोडले तर? आम्हाला व्याख्यानांत हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो भाबडा नाही. काही प्राण्यांच्या बाबतीत असे केले गेले आहे. इथे अडचणी दोन प्रकारच्या आहेत. पेटीतले कोळी बहुधा थोड्याच मूळ कोळ्यांचे वंशज, भाऊ-बहिणींच्या संबंधांतून वाढलेले. कुठल्या टेकडीवरून कोणता आला याची नोंद नाही. त्यांच्याबरोबर कोणते जंतू येतील हेही सांगता येत नाही. पण या अडचणी एक वेळ दूर करता येतील. दुसरी मोठी आहे. पहिल्या गणितात आपण पाहिले, की रानात पिल्लांचा तुटवडा कधीच नसतो, एकेक मादी शेकड्यांनी पिल्ले देते. तुटवडा आहे तो ढोलींचा. ढोली पडायला झाड म्हातारे व्हावे लागते, फांदी मोडून तिथे लाकूड कुजावे लागते, आणि याला दशके जातात. पिल्ले सोडून ढोली वाढत नाहीत.

मेक्सिकोत उचलेगिरी हे मोठे कारण होते, तिथे पेटीतल्या पैदाशीने खरीच मदत केली. नंद्यालला ती उपयोगाची नाही, फार तर रानातली उचल कमी करील. एकच उपाय दोन्हीकडे चालवता येत नाही.

पेसिलोथेरियाचीच दुसरी एक जात, 'रेगॅलिस', आपल्या पश्चिम घाटात महाराष्ट्रातही आहे. राखाडी-पांढऱ्या नक्षीची, झाडाच्या सालीवर बेमालूम मिसळून जाणारी. तिची पिल्ले बरेच दिवस आईच्याच ढोलीत एकत्र राहतात, जे कोळ्यांत नवलाचे आहे. ही घरी आणून पाळायचा मोह विद्यार्थ्यांना होऊ देऊ नये. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सायटिसच्या यादीतल्या प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची आली आहे. असे प्राणी बाळगायचे तर नोंद आणि पैदास करायची तर परवाना लागतो.

पाहायला मात्र परवाना लागत नाही. घाटालगतच्या शाळांनी पावसाळ्याच्या आगेमागे, अंधार पडल्यावर, विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावून जुन्या आंब्या-जांभळांच्या ढोली दुरून न्याहाळाव्यात. वनखात्याची हद्द असेल तर आधी परवानगी घ्यावी, आणि ढोलीत काडी किंवा बोट कुणीही घालू नये. ढोलीच्या तोंडाशी पांढरट रेशमाचा पडदा आणि झुरळांचे पंख पडलेले दिसले तर आत कुणीतरी आहे. झाडाखाली सुकलेली कात मिळालीच तर ती काडेपेटीत कापसावर ठेवून शाळेत आणावी आणि साबणाच्या पाण्यात भिजवून पाहावी. पिशवी दिसली तर त्या झाडावर एक मादी आहे, आणि झाड उभे राहिले तर आज सातवीत असलेली मुले कॉलेजात जातील तेव्हाही ती तिथेच असण्याची शक्यता बरीच आहे.